दगड, एक

शहापूरच्या कचेरीतल्या एका कारकुनाला मी वनहक्काच्या दाव्यांपायी दर आठवड्याला भेटायचो. राज्यसंस्था तलवारीतून जन्मली, असं मी आमच्या संघटनेच्या पत्रकात ठासून लिहायचो. पण शिक्क्यावर फुंकर घालत "कागद आहे का?" असं विचारणारा हाच मला राज्यसंस्था वाटायचा.

ठाकूरवाडीतल्या एका आजीच्या शेताच्या पाहणीला तो आला. जुन्या वहिवाटीचा पुरावा नसेल तर शेत जंगलखात्याचं.

"आमी सरकारच्या आधीपासून हितं नाचणी लावतो," आजी म्हणाली.

"मग सरकारच्या आधीचा सरकारी कागद दाखव."

तिने बांधावरचा शेंदूर लावलेला वाघोबा दाखवला. "माझ्या आजेसासऱ्यानं बसवलाय."

त्याने चपला काढल्या, डोळे मिटून हात जोडले आणि पंचनाम्यात लिहिलं: 'दगड, एक.' मी ते तावातावाने मोठ्याने वाचलं.

आजी म्हणाली, "मंग पाया कुनाच्या पडलास रे, भाऊसाहेब? दगडाच्या?"

तो ओशाळला. खोडून त्याने लिहिलं: 'देव, जुना.' मला वाटलं, शेत वाचलं.

चपला घालता घालता तो म्हणाला, "आता हा देव इथलाच रहिवासी आहे, असा दाखला तेवढा आणा."