भिंतीपलीकडचे गरम एसी

पावसाळ्यात कौलांवर पानं साचतात, तसे यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या अंगणात किस्से साचताहेत. मला काही करावं लागत नाही. इथे चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावी आमच्या भिंतीला लागूनच प्रमोदचं कारच्या एसीचं गॅरेज आहे. होळी झाल्यापासून गरम हवा फेकणाऱ्या एसींची रांग लागलीय, आणि प्रत्येक गाडीसोबत एखादा तरी किस्सा येतोच. मी तांदूळ निवडत बसते. कान आपलं काम करतात.

प्रमोद आधी नागपूरला नोकरीत होता. यंदा स्वतःचं गॅरेज टाकलं, तेव्हा बायकोने, रेखाने, एकच अट घातली. एक उन्हाळा बघू. चाललं तर ठीक, नाहीतर पाऊस लागायच्या आत परत नागपूर. म्हणून तिने कपबशांचं खोकं सुतळीने बांधलेलंच ठेवलं होतं. "सोडून काय करू काकू? पुन्हा बांधा लागन," म्हणायची. ती सुतळी दिसली की मीच नजर फिरवायची. गॅरेज गेलं तर माझ्या दुपारींचं काय!

प्रमोदची खोड अशी, की तो आल्या आल्या गॅस भरत नाही. आधी बॉनेट उघडून दोन पाइपांना हात लावणार, वैद्य नाडी बघतो तसा. एक थंड पाहिजे, एक गरम. मग प्रश्न सुरू. गिऱ्हाईक म्हणतं, गॅस टाक आणि मोकळं कर. याचं ठरलेलं उत्तर, "गॅस पेट्रोलसारखा जळत नाई, दादा. कमी झाला म्हणजे कुठीतरी गळून राह्यला." एवढं ऐकेपर्यंत निम्मे लोक पुढच्या चौकातल्या गॅरेजात.

*

घुग्घुसच्या कोळसा खाणीवरचा एक ठेकेदार आला. त्याला कोणीतरी सांगितलं होतं, कॉम्प्रेसर गेला, नवाच टाका. प्रमोदने समोरच्या जाळीवर टॉर्च मारला आणि सरळ पाण्याचा पाइप लावला. काळंशार पाणी निघालं ते थेट माझ्या तुळशीपर्यंत! कोळशाची धूळ इतकी बसली होती, की जाळीतून वारा जायला जागाच नव्हती. धुतल्यावर गाडी अशी गार झाली, की ठेकेदार बाहेरच येईना.

"नवीन काय टाकलं?" त्याने विचारलं.

"पाणी."

त्याला पटेना. जाता जाता म्हणतो, "पुढच्या टायमाले कायतरी टाकजो बाबा. मनाले बरं वाटते."

*

सिंदेवाहीचं एक जोडपं आलं. नवरा घामाघूम, बायको मागच्या सीटवर डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन गप्प. प्रमोद आत बसला, एक बटण बघितलं आणि खाली उतरला. बटण लाल टोकाला फिरवलेलं. "लाल म्हणजे फुल, असं समजलो मी," नवरा म्हणाला. महिनाभर हा माणूस एसीसोबत हीटर लावून फिरत होता!

तेव्हा कुठे बायको बोलली. "महिनाभर मले म्हणून राह्यले, तुलेच लय गरम होते."

*

एक किस्सा माझाही आहे, लपवत नाही. प्रमोद जेवायला गेला होता, पोंभुर्ण्याचे एक दुकानदार आले. मी भिंतीवरूनच सांगून टाकलं, गॅस संपला असेल. ते चौकात गेले, भरून आले. आठ दिवसांनी परत गरम! प्रमोदने पाइपांच्या जोडांना साबणाचा फेस लावला. एका जोडावर इवलासा बुडबुडा फुगायला लागला.

प्रमोदने भिंतीकडे तोंड करून हाक मारली. "काकू, या. तुमचा संपलेला गॅस पाहून घ्या."

*

आणि आता गुरुजी.

गुरुजी म्हणजे निवृत्त शिक्षक. गाव वैनगंगेपलीकडे, गडचिरोली जिल्ह्यात, जिथे दारूबंदी आहे. गुरुजी गावच्या दारूबंदी समितीचे सचिव, चहाशिवाय व्यसन नाही. पण पंधरा दिवसांपासून त्यांच्या शर्टाला मोहाच्या दारूचा वास येऊ लागला. बायकोने बोलणं सोडलं. समितीच्या बायांनी निरोप पाठवला, की सोमवारी बैठकीला राजीनामा घेऊनच या. हे सगळं त्यांनी मला सांगितलं, मी विचारलं म्हणून. गॅरेजात तक्रार एवढीच, की एसी गरम हवा देतो.

प्रमोदने गाडीत डोकं घातलं आणि पटकन बाहेर काढलं. गाडी कुठे उभी असते, हे मीच विचारलं.

"अंगणात," गुरुजी म्हणाले. "मोहाखाली."

डॅशबोर्डखालचा ब्लोअर उतरवला, तर उंदरांनी आत गच्च मोहफुलं भरलेली! एसीचं पाणी बाहेर जायची नळी त्याच फुलांनी तुंबलेली. पाणी आतच साचलं, वरून हे ऊन, फुलं आंबायला किती वेळ? वारा त्यातूनच येत होता, गरम आणि घमघमता.

गुरुजींच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, पिशवीत भरून द्या, बैठकीत दाखवतो. प्रमोदने हात जोडले. "गुरुजी, पुलावर तपासणी झाली तं? सचिव सापडला, सोबत आंबलेला मोह."

मग समितीलाच फोन करून इकडे बोलावलं. दुपारी काळी-पिवळी जीपमधून सहा बाया उतरल्या, गुरुजींची बायको सगळ्यात पुढे. तिने ब्लोअर हुंगला. मग गुरुजींचा शर्ट हुंगला. मग परत ब्लोअर.

"जेवले का?" तिने गुरुजींना विचारलं. पंधरा दिवसांतला पहिला शब्द!

बायांनी तिथेच ठरवलं, गावातली प्रत्येक गाडी, सरपंचाचीसुद्धा, प्रमोदकडेच. रेखा चहा टाकायला आत गेली. एवढे कप बाहेर नव्हतेच. ट्रे घेऊन आली तेव्हा कप कोरे करकरीत, आणि बांगडीत सुतळीचा तुकडा अडकलेला.

चहा पिता पिता समितीच्या अध्यक्ष, सत्तरीच्या जनाबाई, उठून परत ब्लोअरपाशी गेल्या. एक फूल उचललं. बोटांत चिरडलं, नाकाशी धरलं, डोळे मिटले.

"घाई केली रे पोरा," त्या प्रमोदला म्हणाल्या. "आणखी दोन दिवस पाह्यजे होते."