तुटक्या पायाचा चार

२०१६ साली सिंगापुरातल्या आमच्या चोआ चू कांगच्या मराठी मंडळींत अशी बातमी होती, की प्रबोध गुप्त्यांनी बुकित बातोकच्या एका वर्कशॉपात सात लिटर इंजिनाची जुनी अमेरिकन गाडी लपवून ठेवली आहे, आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे शुभदाकाकूंना, त्याचा पत्ताच नाही. बातमी सुलेखामावशींची. मावशी बातमी देताना आवाज खाली नेतात आणि भुवया वर. "मी कुणाला बोलले नाही हो. पण दर शनिवारी डबा घेऊन जातात. एवढा साधा माणूस, आणि बघा." 'बघा'च्या पुढे त्या काही सांगत नाहीत. पुढचं आपण बघायचं असतं.

खरी गोष्ट अशी, की प्रबोधकाकांकडे गाडी नव्हती, सायकल नव्हती आणि गाडी चालवायचं लायसन्स तर त्यांनी जन्मात काढलं नाही. डबा शुभदाकाकूच भरून द्यायच्या, तोही दोघांचा, कारण वर्कशॉपच्या हेंगअंकलना त्यांचं थालीपीठ आवडायचं. गाडी हेंगअंकलची. काका ती वाचायला जायचे.

वाचायला म्हणजे खरोखर वाचायला. काकांनीच मला हे समजावलं, बोटाने टेबलावर आकडे ठोकत. साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेत गाडी घेताना फॉर्मवर खुणा करून हवं ते इंजिन मागवता यायचं. बहुतेक लोक साधं घेत. सगळ्यात मोठ्या इंजिनापुढे खूण करणारा एखादाच. त्या एखाद्याच्या गाड्या आता दुर्मीळ झाल्या, त्यामुळे साध्या गाडीत नंतर मोठं इंजिन बसवून 'ही जन्मापासून अशीच' म्हणणारेही पुष्कळ झाले. ओळखायचं कसं, तर गाडीच्या चॅसी नंबराचे शेवटचे आकडे इंजिनवरही ठोकलेले असतात. दोन्ही जुळले तर अस्सल. शुभदाकाकू याला पत्रिका जुळवणं म्हणतात. अडचण एवढीच, की पत्रिका खोटीही करता येते. जुना आकडा घासायचा, नवा ठोकायचा.

आणि ठोकलेल्या आकड्यांतलं प्रबोधकाकांना जेवढं कळतं तेवढं आमच्या ब्लॉकमधल्या कुणालाच कशातलंच कळत नाही. विसाव्या वर्षी ते पिंपरीच्या एका कारखान्यात लागले. काम एकच. लायनीवरून इंजिन आलं, की हातोडी आणि नंबर पंच, म्हणजे टोकाला एकेक आकडा कोरलेले पोलादी ठोकळे, घेऊन त्यावर आकडे मारायचे. दिवसाला दीडशे इंजिनं, दोन वर्षं. पुढे ते क्वालिटीत गेले, सिंगापूरला आले, तुआसच्या कारखान्यात मॅनेजर झाले, पण डोळा पिंपरीतच राहिला. एकदा इंटरनेटवर कुणीतरी अमेरिकन इंजिनच्या आकड्यांचा फोटो टाकून 'खरं की खोटं' विचारलं होतं. काकांनी खाली भीत भीत लिहिलं, 'हे बसून मारलेले आहेत. लायनीवरचा माणूस उभा असतो.' तेव्हापासून ओहायो, टेक्सास, कुठूनकुठून लोक त्यांना फोटो पाठवायला लागले. मिस्टर गुप्ते, प्लीज लुक.

हा झाला त्यांचा एक भाग. दुसरा भाग म्हणजे, त्यांना कुणाला वाईट सांगता येत नाही. मंडळातल्या संजीवनीताईने गणपतीला आमटी केली होती, तिच्यात मीठ दोनदा पडलं होतं. सगळे पाण्याच्या बाटल्या शोधत होते आणि काका मान डोलवत, शेवटचं अक्षर जरा लांबवत, "छान आहे. छान आहेऽ. छान आहे." मला ते हुबेहूब येतं. मला सगळेच येतात. मावशी येतात, शाळेतल्या मॅडम येतात, एमआरटीतली, म्हणजे इथल्या मेट्रोतली, अनाउन्समेंट चारही भाषांत येते.

हेंगअंकल तर मला पहिल्याच दिवशी आले. शनिवारी माझी ट्यूशन बुकित बातोकलाच असायची, ती सुटली की मी काकांबरोबर परत यायची, म्हणून वर्कशॉपात थांबायची. अंकल पासष्टीचे, बारीक, खांद्यावर फडकं. ते इंग्रजीतच बोलायचे, मी इथे मराठीत घालते आणि त्यांचा वाक्याच्या शेपटीचा सिंगापुरी 'लाह' तेवढा तसाच ठेवते, कारण तो काढला तर अंकल राहत नाहीत.

त्यांचं वर्कशॉप वर्षअखेरीला बंद होणार होतं. सामान निघालं होतं, आणि मधोमध ती गाडी, गडद निळी, नाक एवढं लांब की शटर खाली यायला चार बोटं उरत. १९८३ साली अंकलच्या मोठ्या भावाने ती घेतली होती, ऑस्ट्रेलियातून, स्टीअरिंग उजवीकडे करून आलेली. भाऊ दोन वर्षांपूर्वी गेला. भिंतीवर त्याचा फोटो होता, पुढे तीन संत्री आणि उदबत्ती. काका आत शिरले की आधी फोटोला नमस्कार करायचे, मग गाडीकडे वळायचे.

"माझा भाऊ मरेपर्यंत सांगायचा," अंकल म्हणाले, "या गाडीचं इंजिन जन्मापासूनचं. आता पर्थचा एक माणूस घेतोय. त्याला मिस्टर गुप्तेचं पत्र पाहिजे. तू बघ, तू लिही, मी खाली सही करतो. सिंपल लाह."

सिंपल नव्हतं. काकांनी ओरिजिनल लिहिलं, तर गाडी तशीच पर्थला जाणार आणि भावाचं बोलणं खरं ठरणार. नाही लिहिलं, तर तीस वर्षं जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या सगळ्यांना सांगितलेली गोष्ट खोटी. आणि ते फोटोसमोर उभं राहून सांगावं लागणार.

त्यानंतरच्या पहिल्या शनिवारी काकांनी बॅटरी मारली, भिंग लावलं, मग इंजिनवरच्या आकड्यांवर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासली. लहानपणी आपण नाण्यांचे छाप घेतो तसा छाप. तो पाकिटात घातला. म्हणाले, "छान आहे."

दुसऱ्या शनिवारी चहा होता, कंडेन्स्ड मिल्कचा. काका कप घेऊन भिंतीवरच्या किल्ल्यांच्या बोर्डापाशी उभे राहिले. प्रत्येक किल्लीला पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर हाताने ठोकलेला नंबर. ते बराच वेळ उभे होते. चहावर साय आली. मग त्यांनी १४ नंबरचा बिल्ला काढला, कागद ठेवला, पेन्सिल घासली आणि बिल्ला परत अडकवला. अंकल बाहेर फोनवर होते.

परतताना एमआरटीत काकांनी दोन्ही कागद मांडीवर शेजारी शेजारी ठेवले. मला भिंग लागलंच नाही. बिल्ल्यावरच्या चारच्या पायाचा खालून टवका उडालेला होता. इंजिनवरच्या दोन्ही चारांचा तिथेच, तेवढाच.

"पंच इथलाच," काका म्हणाले. "एखादा पंच चुकून पडतो, कोपरा उडतो. मग तो जिथे जिथे मारला तिथे लंगडतो."

"मग सांगणार अंकलना?"

"सांगायला नको?"

"तुम्ही नाही सांगणार. तुम्ही म्हणाल, छान आहेऽ."

"मी असं बोलतो?"

"संजीवनीताईच्या आमटीला तीनदा बोललात."

"ती आमटी होती गं. आमटीवर मी सही करत नाही."

"पैज."

चोआ चू कांग दोनच स्टेशनं, त्यामुळे घाईत ठरलं. काकांनी तोंडावर सांगितलं नाही, तर त्यांनी माझ्या वाढदिवसाला मंडळासमोर सुलेखामावशींची नक्कल करायची. सांगितलं, तर मी एक महिना कुणाचीच नक्कल करायची नाही. मी हात पुढे केला. मला वाटत होतं, जिंकल्यातच जमा आहे. आठवडाभर मी काकांना मावशींच्या भुवया शिकवायच्या कशा याचा विचार करत होते.

तिसऱ्या शनिवारी त्यांनी फोटोला नमस्कार केला, डबा स्टुलावर ठेवला आणि हात पुसले.

"मिस्टर हेंग, इंजिन मोठंच आहे. ओतकामात उमटलेली तारीख गाडीच्याच सालची. दुर्मीळ आहे, त्यात शंका नाही."

"गुड लाह," अंकल म्हणाले.

मी मनात म्हटलं, आता 'छान आहे' येणार. काकांच्या मानेने डोलायला सुरुवातसुद्धा केली होती. ती मध्येच थांबली. त्यांनी पाकीट उघडलं आणि दोन्ही कागद बॉनेटवर ठेवले.

"पण नंबर अमेरिकेत मारलेला नाही. इथे मारलाय. तुमच्या पंचने. चारचा पाय बघा."

अंकलनी कागद पाहिलेच नाहीत. ते फोटोकडे पाहत होते. खांद्यावरचं फडकं काढून त्यांनी स्वच्छच असलेले हात पुसले.

"बॅटरी मी धरली होती," ते म्हणाले. "पहिलं इंजिन फुटलं होतं. त्याने दुसरं आणलं, तेवढंच मोठं, त्याच सालचं. पण क्लबात हसले असते. मला म्हणाला, नीट धर, हलवू नको. मी हलवली. म्हणून दुसरा चार वाकडा आहे."

काकांनी दोन्ही कागद परत पाकिटात घातले. मग त्यांनी विचारलं, "मग मला कशाला बोलावलंत?"

"सख्ख्या भावाबद्दल मी कसं बोलू? तो बघतोय ना. दुसऱ्या कुणी सांगितलं, तर मी 'हो' म्हणू शकतो. 'हो' म्हणायला कॅन लाह."

"आणि मी ओरिजिनल लिहिलं असतं तर?"

"तर तू माझ्याएवढाच. मग जेवलो असतो आपण, आणि गप्प बसलो असतो."

मला वाटलं होतं, काका आता काहीतरी मोठं बोलतील. ते वाकले आणि पुन्हा एकदा भिंगातून आकडे पाहायला लागले. "त्र्याऐंशी म्हणालात ना? त्याच वर्षी मीही पिंपरीत हेच करत होतो," ते म्हणाले. "तुमच्या भावाचा हात चांगला होता. एका घावात आकडा. आमच्या शिफ्टला चालला असता." अंकलनी मान हलवली आणि डबा उघडला. थालीपीठ तिघांत वाटलं, माझ्या वाट्याला लहान तुकडा आला.

पत्र काकांनी रविवारी लिहिलं. इंजिन मोठं, दुर्मीळ आणि त्याच सालचं. नंबर १९८३ साली सिंगापूरमध्ये गाडीच्या मालकाने उत्तम हाताने मारलेला. 'उत्तम हाताने' काढून टाका, पत्रात शोभत नाही, असं शुभदाकाकूंचं म्हणणं होतं. काका म्हणाले, तेही खरंच आहे. खाली अंकलची सही झाली. पर्थचा माणूस अकरा दिवस गप्प होता. मग त्याने कळवलं, किंमत कमी करा, गाडी घेतो, आणि तो चारचा पंचही सोबत पाठवा. किमतीला अंकल 'कॅन' म्हणाले, पंचला 'कॅनॉट'. पंच आता त्यांच्या घरी आहे, फोटोपुढे, संत्र्यांच्या शेजारी.

सुलेखामावशींची बातमीही बदलली. प्रबोध गुप्त्यांनी ती गाडी गुपचूप ऑस्ट्रेलियात विकली म्हणे.

ही बातमी त्यांनी मला लिफ्टमध्ये सांगितली, आवाज खाली, भुवया वर, आणि पैजेचा माझा महिना निम्माच झाला होता. मला ओठ चावून घरी यावं लागलं. दोन दिवसांनी सहन होईना, तेव्हा मी हे सगळं लिहून काढलं आणि काकांना विचारलं, की लेखी नक्कल पैजेत धरतात का. त्यांनी कागद घेतले, सवयीने भिंग लावलं आणि शेवटपर्यंत वाचलं.

"लेखी चालेल," ते म्हणाले. "पण हे अस्सल नाही. 'छान आहे' मी तीनदा म्हणत नाही. दोनदा म्हणतो."

"तीनदा," स्वयंपाकघरातून शुभदाकाकू म्हणाल्या.

काकांनी मान डोलवली, माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "अजून तेरा दिवस."