पाठकसाहेबांचं ‘माहीत नाही’

भीतीच्या दिवसांत किस्से फार पिकतात. छप्पन सालच्या राज्यांच्या फेरवाटणीत नागपूर आमच्या हातून सुटलं, राजधानी भोपाळला गेली, आणि बऱ्हाणपुरातल्या आमच्या छोट्याशा कचेरीत कामापेक्षा घाबरणंच जास्त चालायचं. कुणाची ट्रान्सफर होणार, कुठे होणार, नव्या राज्यात आम्हा मराठी लोकांना विचारणार तरी कोण? आता हसू येतं. तेव्हा घास गिळवत नव्हता.

*

आमचे हेड पाठकसाहेब. रोज सकाळी स्टाफ त्यांच्या टेबलाभोवती जमायचा. “साहेब, आपलं काय होणार?”

“माहीत नाही.”

आमच्यातला वयाने मोठा वानखेडे भडकायचा. “यांना माहीत नाही, तर हे साहेब कशाला झाले?”

शेजारच्या कचेरीतले साहेब छाती ठोकून सांगत, “मी आहे तोवर कुणाच्या केसालाही धक्का लागणार नाही!” आम्हाला तिथल्या लोकांचा हेवा वाटायचा. काही दिवसांनी तिथे बदलीच्या ऑर्डरी येऊ लागल्या. पहिली ऑर्डर त्या साहेबांचीच!

वानखेडेने मग तो प्रश्न पुन्हा काढला नाही.

*

आमच्या कचेरीतल्या चौधरीची बायको एकदा फोपनार गावाहून केळीचा घड घेऊन थेट कचेरीत आली. चौधरी लाजून कपाटाआड!

“साहेब, यायची बदली तं नाई ना होनार?”

“ताई, मला माहीत नाही. कळलं की आधी चौधरींना सांगीन. आणि हा घड परत न्या. तो मी ठेवून घेतला, तर उद्या खरं बोललो तरी तुम्हाला पटायचं नाही.”

बाई फणकाऱ्याने घड उचलून निघाली. वाटेत भेटेल त्याला सांगत गेली, “साहेब लय कोरडा हाय. पन लबाड नाई!” ते आमच्या गावापर्यंत, निंबोल्यापर्यंत पोचलं.

*

भोपाळहून एक मोठे अधिकारी आले. आम्ही कॉलरची बटणं लावून रांगेत उभे.

“क्यों पाठक, सब ठीक है?”

“नहीं साहब. सब डरे हुए हैं. मैं भी.”

मी मनात म्हटलं, आता सगळ्यांचीच उचलबांगडी!  भोपाळचे साहेब खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, “चाय मँगवाइए. हम भी डरे हुए हैं.”

*

शेवटी तो दिवस आलाच. पाठकसाहेबांनी आम्हाला बोलावलं. “एकाला राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, रीव्याला जावं लागेल. नाव मला द्यायचंय. ज्याचं देईन, त्याला आधी तोंडावर सांगीन.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आत बोलावलं.

“महाजन, तुमचं नाव दिलं. चौधरींची पोरं लहान आहेत, वानखेडे रिटायरमेंटला आलेत. तुमच्या वडिलांचं मी लिहिलंय, पण त्याचा उपयोग होईल असं वाटत नाही.”

“परत कधी येता येईल, साहेब?”

“माहीत नाही.”

मला त्यांचा भयंकर राग आला. निंबोल्याला आमचे बाबा एकटे. पायांनी अधू, आणि त्यांचं करणारा मी एकटाच. औषधासाठी बऱ्हाणपूरला चला म्हटलं तरी ऐकत नसत. “मी बागेतच मरीन,” एवढंच बोलायचे. त्यांना रीव्याला कसं नेणार? आणि टाकून तरी कसा जाणार?

संध्याकाळी मी घरी पोचलो. बाबा बाजेवर बसले होते. मी सांगितलं.

“अफवा हाय,” बाबा म्हणाले. “रोजचंच हाय तुमचं. जेव.”

“अफवा नाही बाबा. माझं नाव गेलंय.”

“कागद आला?”

“नाही.”

“मंग कोनं सांगतलं तुले?”

“पाठकसाहेबांनी.”

 बाबांनी केळीच्या बागेकडे पाहिलं. मग बाजेखाली हात घालून काठी चाचपली.

“मंग माह्यं बी गाठोडं बांध.”