फंडाचं नाव काढू नका

फौंड्रीतल्या माणसाच्या खिशात वाळू आणि तोंडात किस्से, दोन्ही किती झाडलं तरी उरतातच. आमचे किस्से मात्र हळू आवाजात सांगायचे. सगळे प्रॉव्हिडंट फंडाचे आणि विम्याचे, म्हणजे भीतीचेच की!

पगारातून फंड दर महिन्याला कापला जायचा. मालक स्वतःचा वाटा घालून तो भरतो का, हे मोबाईलवर मिस्ड कॉल दिला की कळतं. माझ्या शेजारी साचे भरणारा आजऱ्याचा सात्ताप्पा कॉल काही देईना.

"अरे, दे की," मी म्हटलं. मी तरी कुठं दिला होता!

"नगं. भरत न्हाय म्हणून कळलं, तर भांडाय लागंल."

---

आमच्यातला एकजण बायकोला घेऊन कामगार विम्याच्या दवाखान्यात गेला. खिडकीवरची बाई म्हणाली, "तुमच्या मालकानं हप्ताच भरला नाही." ह्यानं तिलाच हात जोडले, "बाई, मी आलतो हे मालकास्नी सांगू नका."

---

आमचे युनियनचे रफिकभाई एकदाच केबिनमध्ये गेले. म्हणाले, "शेठ, फंड भरणं कायदा हाय."

मालकानं शांतपणे विचारलं, "तुमचं पूर्ण नाव काय म्हणालात?"

सगळी हयात भाईंनी तिथंच काढलेली.  तरी त्यांनी फंड ऑफिसात तक्रार केलीच.

---

मग फंड ऑफिसचा साहेब तपासणीला आला. मॅनेजर धावत आला, "ज्यांची नावं घेतो, त्यांची सरकारात नोंद न्हाय. मागच्या भिंतीवरनं पळा."

त्यात माझं नाव होतं. सात्ताप्पाचंही. इतकी वर्षं कापलेला फंड कुठं गेला, ते आम्हाला असं कळलं. तरी आम्ही पळालो.

सात्ताप्पानं उडी मारली आणि पाय मोडला. पलीकडं साहेबाची गाडी उभी. साहेब स्वतः खाली वाकला.

"पावणं, घाबरू नका. जबाबासाठी फक्त कारखान्याचं नाव सांगा. फंड वसूल करतो, पायाचा खर्चही त्यांच्याकडूनच घेतो."

सात्ताप्पाचं तोंड काजळीनं काळं, डोक्यावर कारखान्याचं हेल्मेट तसंच. त्यानं वर बघितलं. भिंतीवरनं मॅनेजर डोकावत होता.

"मी न्हाय ओ कुठं कामाला. शेळी हुडकत आलतो."

साहेबानं माझ्याकडं बघितलं. "आणि तुम्ही?"

मीही भिंतीकडं बघितलं.

"शेळी ह्येंचीच हाय, साहेब. मीबी तीच हुडकालोय."