पलीकडे पहिला

समस्त कुलाबा जिल्ह्याला जड अंतःकरणाने कळवावे लागते की, आपल्या एका अजिंक्य जलतरणपटूची कारकीर्द भर दुपारी, अलिबागेत, तळ्याच्या कोरड्या पायरीवर मांडी घालून बसलेल्या अवस्थेत समाप्त झाली. तो जलतरणपटू मी. आज माझं पोट पाहून कुणाचा विश्वास बसत नाही. पण पोट हे नंतरचं प्रकरण आहे.

खाडीवर आमची तर, म्हणजे उतारू ने-आण करणारी होडी, होती. बोर्लीच्या बाजाराला येणाऱ्यांना बा होडीतून अलीकडे आणायचा आणि बाजार आटपला की पलीकडे सोडायचा. नारळी पौर्णिमेला पोरांची खाडी पोहून जायची शर्यत लागे. पलीकडच्या काठावर चढून जो पहिला खाली बसेल, तो जिंकला. नुसता हात लावून भागत नसे. हात लावला की नाही यावरून पूर्वी डोकी फुटली होती म्हणतात. बसलेल्या माणसाबद्दल वाद होत नाही. मी वर्षानुवर्षं पहिला बसत आलो.

बाने मात्र माझी एकही शर्यत पाहिली नाही. त्या वेळी तो नेमका होडीला तेल लावत असायचा. त्याची अडचण धंद्याची होती. माझं नाव गाजू लागलं, तशी बाजाराला निघालेली माणसं होडीत पाय ठेवण्याआधी वाकून तळ बघू लागली.

"काय वो तांडेल," एक म्हातारी डोक्यावरची टोपली न उतरवताच विचारायची, "पोराला येवढं पवायला कशापायी शिकीवलंत? होडी गलते का काय?"

बा घरी आला की माझ्याशी बोलत नसे. मी समोर बसलेला असताना आईला म्हणे, "त्याला सांग, होडीवाल्याच्या पोरानं पवायचं ते होडी बुडाल्यावर. आमची कवा बुडली न्हाय."

अशात अलिबागेच्या काही हौशी वकिलांनी तिथल्या दगडी तळ्यात जिल्ह्याची शर्यत ठेवली. पहिला येईल त्याला ते मुंबईच्या मोठ्या शर्यतीला पाठवणार होते. मला मुंबईला जायचंच होतं. इतकं की जेवण जाईना. शेवटी बा थेट माझ्याशी बोलला.

"ह्या येलेला मी येतो बघायला. पलीकडं पयला पोचलास तर जा मुंबईला, माझी ना न्हाय. न्हाय पोचलास तर उद्यापास्नं वल्हं धरायचं. मंग पान्यात पाय घालायचा तो होडी लोटायपुरता."

मी कबूल झालो. त्याने मला आपल्याच होडीतून अलिबागेला नेलं. दुसऱ्यांच्या होड्यांवर त्याचा विश्वास नव्हता.

तळं पाहून मला हसू आवरेना. भरती नाही, ओहोटी नाही, पाणी आपलं शहाण्यासारखं जागच्या जागी उभं. पंचांनी इंग्रजीत काहीतरी सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही डोलावली. पलीकडचा काठ तर समोर दिसतच होता.

शिट्टी झाली. मी पलीकडे पोचलो तेव्हा बाकीचे अजून बरेच लांब पाणी उडवत होते. पायऱ्या चढलो, चांगली कोरडी पायरी निवडली, मांडी घातली आणि नसलेल्या मिशीवरून हात फिरवला.

मग एकेक जण आला. पायरीला हात लावून, माझ्याकडे न बघता, आल्या वाटेने परत निघाला. मला वाटलं, बिचारे लाजले.

एवढ्यात एक पंच काठाकाठाने धावत आले. "अहो, बसताय काय! परत जायचंय! जाऊन यायचं होतं!"

मी उडी मारली, पण तोवर पहिला आलेला टॉवेल मागत होता. मी पोचलो तेव्हा सगळं तळं हसत होतं. मुंबई गेली. तळहातावर वल्ह्याचे घट्टे आताच दिसू लागले. मान वर करून बाच्याकडे बघायचं धाडस होईना.

त्याच्या शेजारचे वकील हळहळून म्हणाले, "वाईट झालं हो. तुमचा मुलगा हरला."

बा उभा राहिला. खाडीपलीकडच्या उतारूंना हाक मारायचा त्याचा आवाज होता, तो त्याने तसाच्या तसा लावला:

"हरला कसा? माझा पोरगा कवाच पोचून बसला व्हता! ह्यांचं हिकडं काय इसरलं व्हतं, म्हून माघारी आले?"