चेटकिणींच्या गोतावळ्यात आत्या

जिथे म्हणून चार माणसं हात जोडून उभी राहतात, तिथे माझ्या आतेसासूबाई पाचव्या! माझ्या नवऱ्याच्या या आत्या ऐंशी सालाच्या आसपास दादरहून आमच्याकडे सिडनीच्या क्वेकर्स हिल उपनगरात राहायला आल्या, आणि वर्षभरात त्यांनी सिडनीतला एक देव म्हणून शिल्लक ठेवला नाही. परत आल्या की निकाल ठरलेला. "चर्चमध्ये बाकडी छान, पण प्रसाद अगदीच नखाएवढा." "गुरुद्वाऱ्यात जेवण झकास, पण माझे गुडघे मेले." सगळ्यांशी त्या शुद्ध मराठीतच बोलायच्या, फक्त जरा मोठ्यांदा. समोरच्याला ते कळायचंसुद्धा, आणि मी इंग्रजीत तोंड उघडलं की तोच माणूस "सॉरी, लव?" म्हणायचा. मला भारी राग यायचा.

एवढ्या बोलक्या बाईच्या तोंडून एकच शब्द कधी निघाला नाही, तो म्हणजे यजमानांचं नाव. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी 'हे' आणि 'आमच्याकडचे' यांवरच सगळा कारभार. एकदा दवाखान्यात रिसेप्शनवरच्या मुलीने नवऱ्याचं नाव विचारलं, तर आत्यांनी खुशाल माझ्याकडे बोट दाखवलं. ती पोरगी माझ्याकडे जी बघत राहिली! घरी येऊन मी विचारलंच. म्हणे, नाव घेतलं की त्या माणसाचं आयुष्य कमी होतं. "बट आजी, ही इज ऑलरेडी डेड!" आमची लेक बोलून गेली. मी डोळे वटारले, पण आत्या रागावल्या नाहीत. "खरंय गं बाळा," त्या म्हणाल्या. "पूर्वी हळदीकुंकवाला बायका मागे लागून उखाण्यात नाव घ्यायला लावायच्या. हे गेले आणि मला कुणी आग्रह करेनासं झालं. फार वाटतं गं एकदा घ्यावं, पण उगीच कशी घेऊ?" मग त्या वाटाणे सोलायला बसल्या.

आमच्या शेजारी मॉरीन नावाची नर्स राहायची. एका शनिवारी कुंपणावरून तिने मला सांगितलं की ती विच आहे, एप्रिलअखेर त्यांच्यात गेलेल्या माणसांची आठवण काढतात, आणि आम्ही दोघींनी यायचंच. मी भाषांतर केलं. "आत्या, ती चेटकीण आहे."

"असेना. नोकरी करते ना?" आत्या म्हणाल्या. "म्हणजे यांचा पितृपक्षच की. मी खीर करते."

हे लोक अंगावर चिंधी न ठेवता नाचतात असं मी कुठल्याशा मासिकात वाचलं होतं, म्हणून मी आपल्या चार शाली बरोबर घेतल्या. पण मंडळी नखशिखांत झग्यांत होती. मॉरीनच्या परसातल्या कपडे वाळत घालायच्या गोल स्टँडखाली टेबल मांडलं होतं, त्यावर भोपळा, मेणबत्त्या आणि आत्यांची खीर. आमचा पोस्टमन डोक्याला शिंगं बांधून उभा. आत्यांनी त्याला नमस्कार केला आणि दादरचं पत्र आलं का ते विचारून घेतलं. मॉरीनने सुरी उचलून हवेत रिंगण आखायला घेतलं, तर आत्या म्हणाल्या, "दे इकडे, भोपळा मी चिरते, तुझा हात कापेल."

मग सगळे फेर धरून निघाले आणि आत्या जागच्या जागी थांबल्या. "अगं बाई! उलटी प्रदक्षिणा?" मॉरीनने समजावलं की इथे सूर्य उत्तरेकडून जातो, म्हणून इथल्या विचेस सूर्याबरोबर अशाच फिरतात. "सूर्य जाईल कुठूनही. देव उजव्या हाताला हवा," असं म्हणून आत्या एकट्या सुलट्या निघाल्या. दर फेरीला त्यांची आणि पोस्टमनच्या शिंगांची गाठ. मी लाजेने अर्धी झाले.

फेर थांबला. आता एकेकाने आपल्या गेलेल्या माणसाचं नाव मोठ्याने घ्यायचं आणि मेणबत्ती लावायची. कुणी आईचं घेतलं, पोस्टमनने भावाचं घेतलं. आत्यांची पाळी आली. त्या नाव घेत नाहीत, हे मी पुढे होऊन सांगू लागले, तर मॉरीनने माझा हात धरला. "नो, लव. शी हॅज टू से इट." आत्यांचा चेहरा एवढासा झाला. सगळे थांबले, कुणी घाई केली नाही. "घ्या ना, आत्या," मी म्हटलं. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला, मान खाली घातली आणि नव्या नवरीसारख्या लाजून म्हणाल्या,

"सातासमुद्रापार इथे लावली वात,
मनोहररावांचं नाव घेते चेटकिणींच्या गोतावळ्यात."

कुणाला एक अक्षर कळलं नाही, पण सगळे रडत होते. मीही रडले. घरी येताना आत्यांनी निकाल दिला, "माणसं चांगली आहेत. आग्रह करतात."

पुढे काही वर्षांनी आत्या गेल्या. त्या एप्रिलअखेर मॉरीनने माझ्या हातात मेणबत्ती दिली आणि ती नावासाठी थांबली. माझी जीभच उचलेना. सासरच्या मोठ्या माणसाचं नाव मी कधी उच्चारलंच नव्हतं, आणि उखाणा रचायची अक्कल मला कुठली! "आत्या," एवढंच कसंबसं म्हटलं. मॉरीनने मान डोलावली. फेर सुरू झाला तेव्हा सगळे आपल्या नेहमीच्या उलट्या बाजूने निघाले, मी एकटी सुलटी. समोरून पोस्टमन येत होता. त्याने शिंगं काढून हातात घेतली आणि बाजूला होऊन मला वाट दिली.