शालूवरचा ब्लाउज

आमच्या इमारतीखाली ब्लाउज शिवणाऱ्या एक बाई बसतात. संधिवातावर स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्यापासून त्यांचा चेहरा पुरीसारखा फुगलाय. बायका म्हणतात, "तब्येत छान सुधारली हो!" त्या मान वर न करता म्हणतात, "गोळ्यांनी. देऊ दोन?"

स्वतःचे सगळे ब्लाउज त्यांनी उसवून सैल केले. लग्नातल्या शालूवरचा तेवढा तसाच खुंटीला होता. "गोळ्या सुटल्या की घालीन," म्हणायच्या. काल डॉक्टरांनी सांगितलं, बोटं चालायला हवी असतील तर गोळ्या सुटणार नाहीत.

आज बघते तर त्या तोच ब्लाउज कापून रोजच्या ब्लाउजांना काखेत पट्ट्या लावत होत्या.

"थोडं थांबायचं होतंत," मी म्हटलं.

"कशाला, आजी? कापड चांगलंय."

कापडाचंच वाईट वाटलं, असं मी घरी सुनेला सांगितलं.